एचआयव्ही आणि कर्करोग : उसन्या बळावर आरोग्य उभे राहत नाही

राजधानी दिल्ली आणि तिच्या परिसरात कर्करोग व एड्सविरोधी कार्याची मोठी ताकद जनतेच्या पैशातून उभी राहिली आहे. १९७९ साली पेशीविज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली कर्करोग प्रतिबंध व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज नोएडात आहे. एम्सची ७१० खाटांची राष्ट्रीय कर्करोग संस्था झज्जरला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ पासून दिल्लीतूनच काम करते. परंतु कारभारात एचआयव्ही आणि कर्करोग यांचे कार्यक्रम वेगळे, अंदाजपत्रके वेगळी. रुग्णाच्या शरीरात मात्र हे दोन्ही रोग एकत्र येतात.

प्रतिकारशक्ती खचली की काही कर्करोगांना वाट मोकळी होते. १९८१ साली अमेरिकेत एड्सची चाहूल देणाऱ्या विकारांत कापोसी सार्कोमा हा एरवी दुर्मीळ कर्करोग होता. एचआयव्हीबाधित स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. म्हणूनच अशा स्त्रियांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून नियमित व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात परिस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती.

या दुहेरी रोगाचा सर्वाधिक भार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका वाहते, आणि त्याविषयीचा अनुभवही तिच्याकडेच अधिक आहे. युगांडात कंपालाची कर्करोग संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. झांबियाने २००६ पासून एचआयव्हीच्या सरकारी दवाखान्यांलगतच गर्भाशयमुखाची तपासणी सुरू केली आणि ती प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती सोपवली. दिल्लीने लुसाकाकडून शिकावे असे हे काम आहे.

परंतु आफ्रिकेतील संशोधन व प्रशिक्षण बव्हंशी परकीय, विशेषतः अमेरिकी पैशावर चालत आले. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत रोखली, १ जुलै २०२५ रोजी तिचे मदतखातेही बंद केले, आणि अनेक देशांतील एचआयव्ही सेवा कोलमडल्या. ज्याचा पगार दुसऱ्याच्या तिजोरीतून निघतो, ते कौशल्य त्या देशाच्या हाती राहत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्याच देशात इतकी उणीव असताना आफ्रिकेची चिंता कशाला, असा प्रश्न काही जण विचारतील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९७० च्या पेटंट कायद्यामुळेच भारतीय कारखाने स्वस्त औषधे बनवू शकले, आणि २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तिहेरी औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. त्या औषधांनी आफ्रिकेतील रुग्ण वाचले, तसे भारतातीलही वाचले.

तपासणीचे तंत्रही महाग नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या तयार केल्या. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून त्यांनी केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. निर्णायक ठरले ते माणसांचे प्रशिक्षण. आज मात्र एचआयव्ही केंद्रांतील समुपदेशक व तंत्रज्ञ बहुतांशी कंत्राटी आहेत आणि आशा कार्यकर्ती मानधनावर राबते. कंत्राट संपले की प्रशिक्षणही त्या माणसाबरोबर निघून जाते. परक्या देणगीवर विसंबणारी आफ्रिकेतील योजना आणि कंत्राटावर विसंबणारा येथील कार्यक्रम यांचे दुखणे एकच आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक एआरटी केंद्रात, त्याच छपराखाली, गर्भाशयमुखाची मोफत तपासणी व्हावी. नोएडा, एम्स आणि झज्जर यांनी कंपाला व लुसाका यांच्या बरोबरीने कायमस्वरूपी प्रशिक्षणक्रम चालवावा, आणि त्याचा खर्च केंद्रीय अंदाजपत्रकातून व्हावा. शिकलेल्या प्रत्येक परिचारिकेला व कार्यकर्तीला कायम पद मिळावे. ज्या स्त्रीला आज औषधाने एचआयव्हीपासून वाचवले, ती उद्या टाळता येण्याजोग्या कर्करोगाने दगावली, तर त्या वाचवण्याला अर्थ उरत नाही.