सदरवासीयांनो, चलान पडून राहू देऊ नका

नागपूरच्या सदरमधल्या सगळ्या वाहनधारकांना, दुकानदारांना, ऑटोचालक भावांना, डिलिव्हरीच्या गाड्या चालवणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना हे कळकळीचं आवाहन आहे. आज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काढा आणि आपल्या गाडीवर किती ई-चलानं बाकी आहेत ते पाहा. चूक आपली असेल तर दंड भरा. चूक आपली नसेल तर तसं लेखी कळवा, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर न्यायालयात सांगा. दोन्हीपैकी काहीतरी एक कराच. चलान पडून राहू देऊ नका.

हे इतक्या निकडीने सांगायचं कारण आहे. एलआयसी चौक, लिबर्टी टॉकीजचा चौक, छावणी, रेसिडेन्सी रोड, मंगळवारी बाजार हा आपला रोजचा रस्ता. पूर्वी इथं शिपाई शिटी मारायचा, गाडी बाजूला घ्यायला लावायचा, पावती फाडायचा आणि विषय तिथंच संपायचा. आता कॅमेरा फोटो काढतो किंवा पोलीस दादा मोबाईलवर टिपून घेतात आणि चलान थेट गाडीच्या नंबरवर चढतं. एसएमएस जातो तो गाडी घेताना नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर. तो नंबर अनेकांनी कधीच बदललेला असतो, काहींच्या बाबतीत तर तो विकणाऱ्या एजंटचा निघतो. त्यामुळे चलान झाल्याचा मालकाला पत्ताच नसतो, आणि ज्यांना असतो ते म्हणतात, "पाहू ना भाऊ, काय होते!"

काय होतं ते ऐका. समजा, गड्डीगोदामच्या एका ऑटोचालकाने मुलीच्या फीसाठी जुना ऑटो विकायला काढला. गिऱ्हाईक ठरलं, इसार घेतला, आणि आरसी नावावर करायची वेळ आली तेव्हा बाकी चलानांची यादी समोर आली. आता फी भरायची मुदत जवळ आणि सौदा अडकलेला. हे नुकसान दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठं असतं. प्रकरण न्यायालयात गेलं तर समन्स येतं, समन्सकडे पाठ फिरवली तर वॉरंट निघू शकतं. शिवाय तोच गुन्हा पुन्हा झाला की रक्कम वाढते. किरकोळ नियमभंगाला पहिल्यांदा 500 रुपये, त्यानंतर 1,500. परवाना नसताना गाडी चालवली तर महाराष्ट्रात पूर्वी 500 रुपयांत भागायचं, डिसेंबर 2021 पासून 5,000 लागतात. हातावर पोट असलेल्या घराला ही रक्कम झेपणारी नाही.

या विषयात नागपूरकरांनी तरी मागे राहू नये. 1 सप्टेंबर 2019 पासून देशभर लागू झालेला मोटार वाहन कायद्यातला बदल आणला तो आपलेच खासदार, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी. वाहतूक चलानांसाठीचं महाराष्ट्रातलं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट आपल्याच जिल्ह्यात, काटोलला सुरू झालं. 31 ऑक्टोबर 2020 रोजी त्याचं उद्घाटन केलं ते तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी, तेही नागपूरचेच. त्याच दिवशी 'न्याय कौशल' हे देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर आपल्या शहरात उघडलं. आणि जिल्हा न्यायालय सिव्हिल लाईन्सला, सदरहून ऑटोने जेमतेम दहा मिनिटांवर. सोय दाराशी आहे, ती वापरायची तेवढी राहिली आहे.

आधी चलान नीट वाचा

महाट्रॅफिकच्या सरकारी पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं दिसतात. आरसी हाताशी घेऊन बसा. प्रत्येक चलान उघडा आणि फोटो मोठा करून पाहा. नंबर प्लेट आपलीच आहे का? एमएच 31 आणि एमएच 49 यांची गल्लत झालेली नाही ना? 3 चा 8 वाचलेला नाही ना? गाडीचा रंग, मॉडेल आपलंच आहे का? ठिकाण, तारीख, वेळ जुळते का? त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती का? कलम कोणतं लावलंय, आणि फोटोत तो गुन्हा खरंच दिसतोय का? हेल्मेटचं चलान असेल तर डोकं दिसायला हवं, सिग्नल तोडल्याचं असेल तर सिग्नल दिसायला हवा.

कॅमेऱ्याने केलेल्या चलानासाठी 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आला. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला हे सगळं सूचनेत असावं, असं तो सांगतो. हा आपला हक्क आहे, तो माहीत असू द्या.

मान्य असेल तर लगेच भरा

चूक आपली असेल तर पोर्टलवर, ॲपवर किंवा वाहतूक पोलिसांकडच्या मशीनवर पैसे भरा आणि पावती जपून ठेवा. फोनमध्ये ठेवा, एक प्रत छापून आरसीसोबतही ठेवा. आठवड्याने पुन्हा पोर्टल उघडून ते चलान 'बाकी'मधून गेलं की नाही याची खात्री करा. गेलं नसेल तर हीच पावती कामी येते.

मान्य नसेल तर गप्प बसू नका

पोर्टलवर आणि ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. आपल्या गाडीचा फोटो, आरसी, गॅरेजची पावती, जे असेल ते जोडा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मुदत दिलेली असेल तर तिच्या आत करा. सोबत वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी बोलणं पुढे कुठेच उपयोगी पडत नाही, कागद पडतो.

विकलेल्या गाडीची चलानं अजून तुमच्या नावावर येत असतील तर ती आधी थांबवा. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून ते घेणाऱ्याच्या हाती सोपवले आणि त्याने ते भरलेच नाहीत, अशी उदाहरणं घराघरांत आहेत. त्या गाडीने उद्या अपघात केला तर विचारणा पहिल्या मालकाकडे होते. चलान हा त्याचा पहिला इशारा समजा आणि आरसी नावावर करून द्या.

लोकअदालतीचा शनिवार चुकवू नका

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने वर्षातून साधारण चार वेळा देशभर राष्ट्रीय लोकअदालत भरते. 2025 मध्ये ती 8 मार्च, 10 मे, 13 सप्टेंबर आणि 13 डिसेंबरला झाली, चारही दुसरे शनिवार. प्रकरण न्यायालयात दाखल होण्याआधीच बाकी ई-चलानं तिथं ठेवली जातात आणि त्याची सूचना एसएमएसने येते. आपल्याकडे हे काम नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं. पुढची तारीख तिथं विचारा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा.

त्या दिवशी आरसी, लायसन्स, आधार, चलानांची छापील यादी आणि तुमचे पुरावे घेऊन सकाळीच पोहोचा. पॅनेलवर न्यायिक अधिकाऱ्यासोबत वकील किंवा सामाजिक कार्यकर्ता असतो. तिथं कोर्ट फी नाही. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. तडजोड पटली नाही तर सही करायची सक्ती नाही, रीतसर न्यायालयात जायचा मार्ग मोकळाच राहतो.

दोन अफवांना बळी पडू नका. "लोकअदालतीत अर्धी रक्कम माफ होतेच" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विसंबू नका. काय होणार हे गुन्ह्यावर, कलमावर आणि त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून असतं. आणि "जुनं चलान आपोआप रद्द होतं" हेही खरं नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल घ्यायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे हे खरं, पण उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे. मुदतीचा मुद्दा वकिलामार्फत न्यायालयापुढे मांडावा लागतो, घरी बसून तो मांडला जात नाही.

समन्स आलं तर

घाबरू नका आणि टाळू नका. समन्सवरची तारीख, न्यायालयाचं नाव आणि प्रकरण क्रमांक पाहा आणि त्या दिवशी वेळेवर हजर राहा. "गुन्हा कबूल आहे का?" हा प्रश्न येईल. केला असेल तर कबूल म्हणा. न्यायाधीश दंड सांगतील, तो भरून पावती घ्या. मात्र दंड कायद्यातल्या कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे चौकात भरला असता त्याहून जास्तही. किरकोळ प्रकरणांत मोटार वाहन कायद्याच्या कलम 208 प्रमाणे पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवायची मुभाही समन्समध्ये असू शकते, तेवढ्यासाठी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

गुन्हा केला नसेल तर केवळ कटकट संपावी म्हणून कबूल म्हणू नका. कबुलीने दोष नावावर लागतो आणि पुढच्या वेळी तुम्ही 'दुसऱ्यांदा' गुन्हा केलेले ठरता. कबूल नाही म्हटलं की गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. न्यायालयाच्या आवारात "मी करून देतो, इतके द्या" म्हणत कुणी गाठलं तर त्याला पैसे देऊ नका. पावतीशिवाय दिलेला रुपया चलानाच्या खात्यात जात नाही.

तो मेसेज उघडू नका

आणखी एक गोष्ट, आणि ही आजच्या आज घरातल्या सगळ्यांना सांगा. 'तुमचं चलान बाकी आहे' असा व्हॉट्सॲप मेसेज येतो, सोबत आरटीओच्या नावाची एपीके फाईल असते. ती फाईल उघडून बसवली की फोनचा ताबा चोराकडे जातो, ओटीपी त्याला दिसतात आणि खातं रिकामं होतं. चलानाच्या भीतीचाच हा धंदा आहे. सरकार चलान व्हॉट्सॲपवर एपीके करून पाठवत नाही. लिंकवर बोट ठेवू नका, पोर्टल स्वतः उघडा आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का पाहा. फसवणूक झालीच तर एक मिनिटही न दवडता 1930 वर फोन करा. आपल्या गाडीवर खरं बाकी किती हे ज्याला माहीत असतं, तो अशा जाळ्यात सापडत नाही.

जे तडजोडीत मिटत नाही

दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण लोकअदालतीत मिटत नाही. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्यूशनला सोडायला वेळ नाही म्हणून सोळा वर्षांच्या पोराला ॲक्टिव्हाची चावी देणाऱ्या आईबापांनो, हात जोडून विनंती आहे, ती चावी आज परत घ्या. दंड भरता येतो. रस्त्यावर गेलेलं पोर परत आणता येत नाही.

आता प्रत्येकाने एक काम करा. दुकानदारांनो, तुमच्या दुकानात कामाला असलेल्या मुलांची चलानं तुमच्या संगणकावर पाहून द्या आणि लोकअदालतीच्या शनिवारी त्यांना पगारी सुट्टी द्या. डिलिव्हरीच्या घाईपायी सिग्नल तोडायला त्यांना लावू नका. सदरमध्ये राहणाऱ्या वकील बंधू-भगिनींनो, रविवारचा एक तास मोहल्ल्यासाठी द्या, लोकांना समन्स वाचून दाखवा. कॉलेजच्या मुलामुलींनो, आजोबांच्या आणि शेजारच्या काकांच्या गाडीचं चलान शोधून द्या, तुम्हाला ते दोन मिनिटांचं काम आहे. वाहतूक विभागालाही विनंती आहे. अंधूक फोटोवर चलान करू नका, तक्रारीला वेळेत उत्तर द्या, आणि लोकअदालतीच्या आधी सदरच्या चौकांत मराठी, हिंदी, उर्दूत फलक लावा.

आरसी काढा, गाडीचा नंबर टाका, यादी पाहा. मान्य असेल ते आज भरा, मान्य नसेल त्याची तक्रार आज नोंदवा, आणि उरलेलं घेऊन येत्या लोकअदालतीला सिव्हिल लाईन्सच्या न्यायालयात या. एकटं येऊ नका, गल्लीतल्या आणखी दोघांना सोबत आणा.