"एकतर्फी प्रेम" हा शब्द आता पुरे

मंडळी, जरा कडू लिहितोय, पण पूर्ण वाचा.

१९९० साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा चालू असताना वर्गात घुसून एका मुलीला जिवंत जाळलं. तीनच वर्षांनी, १९९३ ला 'डर' आला. त्यात मुलीच्या मागे लागणारा शाहरुख व्हिलन होता, तरी टाळ्या त्यालाच. पोरं अजूनही त्याच्यासारखं अडखळत पोरीचं नाव घेऊन दाखवतात. हिरो सनी देओल होता, हे कोणाला आठवतंय?

आता मोबाईलवर 'यू' ही सिरीज. पाठलाग करणारा, खून पाडणारा जो स्वतःच आपल्याला गोष्ट सांगतो. लोक त्याच्यावर इतके भाळले की ते काम करणाऱ्या पेन बॅजलीलाच सांगावं लागलं, अरे, हा खुनी आहे.

"मग थ्रिलर बंद करायचे का?" कमेंट येणारच. अजिबात नाही. जॉन फाउल्सची 'द कलेक्टर' (१९६३) वाचा. फुलपाखरं जमवणारा माणूस आवडलेल्या मुलीला पळवून तळघरात कोंडतो. पण लेखकाने कादंबरीचा मोठा भाग तिच्या डायरीला दिलाय. तो ज्याला प्रेम म्हणतो, तो नुसता कब्जा आहे, हे तिथे कळतं. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी सांगता, सगळा फरक तिथेच पडतो.

पेपरच्या मथळ्याचंही तेच. ३ फेब्रुवारी २०२०, हिंगणघाट. कॉलेजला निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं, आठवड्याने ती गेली. मथळा काय, तर "एकतर्फी प्रेमातून"! हे प्रेम? मी बातमीत हा शब्द लिहीत नाही. पाठलाग लिहितो, छळ लिहितो.

आणि आपल्या साक्रीत काय होतं? खेड्यावरून एसटीने येणाऱ्या पोरीच्या मागे कोणी लागला, तर ती घरी सांगत नाही. तिला पक्कं माहीत असतं, आधी आपलंच कॉलेज बंद होईल, मग घाईघाईत लग्न. तो मात्र स्टँडवर तसाच उभा.

पाठलाग हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता, कलम ७८. मोबाईलवरून पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५. पहिल्या वेळी जामीन मिळतो, म्हणून तक्रार दिल्यावर गप्प बसू नका, पुन्हा त्रास दिला तर पुन्हा जा. तातडीला ११२ आहेच.

आईबापहो, पोरीचं दप्तर काढून घेण्याआधी पोलीस ठाणं गाठा. आणि ज्यांचा पोरगा स्टँडवर उभा असतो त्यांनी त्याला आजच विचारा, कोणासाठी उभा राहतो रे?