खर्डा, असई आणि याल्टा

परभणी जिल्ह्यातील पेडगाव आणि त्याभोवतीचा सारा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, त्या दिवसांत युरोपात बर्लिन शहराची नाकेबंदी चालू होती. तीन वर्षांपूर्वी एकत्र लढून नाझी जर्मनीचा पाडाव करणारी राष्ट्रे तेथे एकमेकांसमोर उभी ठाकली होती. रशियाने रस्ते व लोहमार्ग रोखल्यामुळे पश्चिम बर्लिनच्या वीस लाखांहून अधिक नागरिकांना अमेरिका व ब्रिटन विमानांतून धान्य आणि कोळसा पोचवीत होते. वरवर पाहता या दोन घटनांचा काहीही संबंध नाही. परंतु निजामाचे राज्य इतकी वर्षे कसे टिकले, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास आपल्याच इतिहासातील अशा एका मोडलेल्या युतीपाशी येऊन थांबावे लागते.

ती युती १७९० सालची. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी या तिघांनी हातमिळवणी केली. दहाच वर्षांपूर्वी, १७८० मध्ये, नाना फडणीसांनी हैदर आणि निजाम यांना बरोबर घेऊन कंपनीविरुद्ध आघाडी उभारली होती. म्हणजे मित्र आणि शत्रू यांच्या जागा दशकभरात पार बदलल्या होत्या. या युतीला जोडणारा धागा एकच होता, टिपूचे भय. तो धागा युद्धापुरता मात्र बळकट ठरला. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणजवळून लॉर्ड कॉर्नवॉलिसला माघार घ्यावी लागली. त्याचे बैल मेले होते, मोठ्या तोफा निकामी करून टाकाव्या लागल्या होत्या आणि सैन्य उपाशी होते. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या बाजारातील धान्याने कंपनीचे सैन्य तगले.

मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूने निम्मे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी देण्याचे मान्य केले, दोन पुत्र ओलीस ठेवले. मिळालेल्या मुलखाचे तिघांत समान वाटे झाले. वाटणी न्याय्य झाली, तरीही मैत्री टिकली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण टिपूचे काय करावयाचे यावर तिघांचे एकमत होते. परस्परांशी कसे वागावयाचे हा प्रश्न कोणी सोडविलाच नव्हता. निजामाकडे मराठ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीची मोठी बाकी होती आणि युद्धकाळात तो विषय बाजूला राहिला होता.

कॉर्नवॉलिसला ही उणीव दिसत होती. तिघांनी एकमेकांच्या मुलखाची हमी घ्यावी, असा तह त्याने सुचविला. निजाम तयार होता, पुणे दरबार राजी झाला नाही. या नकाराबद्दल नानांना दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. तो तह मान्य केला असता तर निजाम आणि मराठे यांच्यातील प्रत्येक वादात कंपनी पंच होऊन बसली असती. चूक नकारात नव्हती. परक्या पंचाला दूर ठेवावयाचे, तर पुणे आणि हैदराबाद यांनी आपसांतील हिशेब स्वतः मिटवावयास हवा होता. तसे काही झाले नाही.

परिणामी ११ मार्च १७९५ रोजी, श्रीरंगपट्टणच्या तहाला पुरती तीन वर्षेही होत नाहीत तोच, कालचे मित्र खर्ड्याच्या रणात भिडले. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे मराठे सरदार एका बाजूस होते. सर जॉन शोअरने तटस्थता पत्करून निजामाला एकटे सोडले. मराठ्यांचा विजय निर्विवाद होता. पण त्याच वर्षी सवाई माधवराव निवर्तले. महादजी शिंदे १७९४ मध्येच गेले होते. गादीच्या वादात निजामाचे साहाय्य मिळावे म्हणून १७९६ मध्ये नानांनी खर्ड्याचा बराच लाभ सोडून देण्याचे कबूल केले. उलट खर्ड्याचा घाव विसरू न शकलेल्या निजामाने १७९८ मध्ये कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. टिपूकडून मिळालेला मुलूखही त्याने १८०० मध्ये त्या फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केला. १८०२ मध्ये वसईच्या तहाने दुसरा बाजीराव त्याच मार्गाने गेला. सप्टेंबर १८०३ मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर, शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला तेव्हा निजाम कंपनीच्या पक्षात होता. मराठ्यांचे राज्य १८१८ मध्ये बुडाले. कंपनीच्या, आणि पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या आश्रयाने निजामाचे टिकले. १७९८ ते १९४८ ही दीडशे वर्षे मराठवाड्याच्या पदरात पडली ती अशी.

हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे १९४५ नंतरचे जग अपरिचित वाटत नाही. रशियावर १९४१ मध्ये हिटलरने आक्रमण केले, तेव्हा चर्चिलसारखा कट्टर साम्यवादविरोधक स्टालिनच्या मदतीला धावला. अमेरिकेने धान्य, मालमोटारी आणि युद्धसामग्री पुरविली. रशियाने दोन कोटींहून अधिक माणसे गमावली. पण दुसरी आघाडी उघडण्यास जून १९४४ उजाडले, याचा संशय मॉस्कोच्या मनात घर करून राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचे ठरले. शब्दांवर एकमत झाले, अर्थावर झाले नाही. हिटलर संपताच तो अर्थभेद उघडा पडला. १९४७ मध्ये ट्रुमन यांचे धोरण आणि मार्शल योजना आली, १९४९ मध्ये नाटो करार आणि रशियाचा अणुबाँब, १९५५ मध्ये वॉर्सा करार. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित होईपर्यंत जग या स्पर्धेच्या छायेत राहिले. अण्वस्त्रांच्या धाकाने दोन महासत्तांची समोरासमोर लढाई टळली. तिची झळ कोरियाला, व्हिएतनामला आणि अफगाणिस्तानला सोसावी लागली.

विश्वासघात हा शब्द अशा प्रसंगी फार सैलपणे वापरला जातो. वस्तुतः समान शत्रूच्या भयातून जन्मलेल्या युतीचे आयुष्य त्या शत्रूइतकेच असते. ती पुढे टिकावी असे वाटत असेल, तर शांततेच्या अटी युद्ध चालू असतानाच आणि नेमक्या शब्दांत ठराव्या लागतात. हे काम व्यक्तींवर सोपवून भागत नाही. कंपनीचे गव्हर्नर जनरल बदलले, शोअरची तटस्थता जाऊन वेलस्लीचा आक्रमकपणा आला, तरी कारभाराची घडी अभंग राहिली. पुण्यात महादजी गेले, १८०० मध्ये नाना गेले आणि त्यांच्याबरोबर दरबाराचे धोरणही गेले.

शालेय इतिहासात खर्डा हा विजयाचा धडा म्हणून शिकविला जातो आणि असई पराभवाचा म्हणून. श्रीरंगपट्टण तर म्हैसूरच्या प्रकरणात पडते. मराठवाड्यातील शिक्षकांनी तरी हे तीन धडे एकापाठोपाठ एक शिकवावेत. खर्ड्याच्या जयघोषात तीन वर्षांपूर्वीचा तह आणि आठ वर्षांनंतरची असई विद्यार्थ्याला दिसली, तर आजोबा-पणजोबांच्या पिढ्या निजामाच्या अमलाखाली का राहिल्या याचा उलगडा त्याला होईल आणि दूरच्या राष्ट्रांच्या नव्या दोस्तीच्या बातम्याही तो अधिक सावधपणे वाचील.