घराण्यातले 'वेड'

'त्यांच्या घराण्यात वेड आहे' हे वाक्य आम्ही कथा-कादंबऱ्यांत वाचले, त्याहून अधिक लग्नाच्या बोलण्यांत ऐकले. घराण्यात नेमके काय असते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत डेन्व्हरला रॉबर्ट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विचारले. प्रयोग साधा: अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टिक्' ऐकवायच्या आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी एक लहानशी विद्युतलहर उमटते. दुसऱ्या 'टिक्'ला ती बहुतेकांत बरीच उतरते; ऐकलेलेच पुन्हा ऐकण्याचे मेंदू जणू नाकारतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ती फारशी उतरत नाही. आणि त्यांच्या कित्येक निरोगी आप्तांतही नाही! १९९७ साली या गटाने हे वैशिष्ट्य पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जोडले. अर्थात एवढ्याने कोडे सुटले नाही. २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात आजाराशी निगडित २८७ स्थाने आढळली.

म्हणजे वारशाने येतो तो कल, आजार नव्हे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. म्हणून 'रक्तातच होते' एवढ्यावर पात्राची वासलात लावणारा लेखक आम्हांला आळशी वाटतो. भाऊ रुग्णालयात आहे, स्वतःच्या मेंदूतही दुसरी 'टिक्' तितक्याच जोराने उमटते, आणि तरी जी रोज सकाळी शाळेत शिकवायला जाते, त्या बहिणीची कादंबरी आम्ही अजून वाचलेली नाही.