येणे बाकी असताना : पडद्यावरची अहिंसा आणि ताओ विचार



सूड या अर्थाने मराठीत रूढ असलेले शब्दप्रयोग एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. परतफेड करणे, हिशेब चुकता करणे, उट्टे फेडणे, सूड उगवणे, बदला घेणे. यांतील ‘फेडणे’ हे कर्जाच्या व्यवहारातील क्रियापद आहे आणि ‘उगवणी’ म्हणजे वसुली. ‘बदला’ हा शब्द अरबी ‘बदल’वरून आला, बदल, बदली आणि मोबदला ही त्याचीच भावंडे. मुळात अर्थ देवघेवीचा. आपल्या भाषेत सूड हा रागाचा उद्रेक जितका आहे, त्याहून अधिक तो खतावणीतील एक राहिलेली रक्कम आहे.

या शब्दांपासून प्रारंभ करण्याचे कारण असे की, लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ८१ प्रकरणांच्या छोट्या ग्रंथात वैराचा विचार नेमका याच परिभाषेत आला आहे. प्राचीन चीनमध्ये करार झाला की त्याची खूण दुभंगून एक तुकडा धनकोकडे व दुसरा ऋणकोकडे राहत असे. ७९व्या प्रकरणाचा आशय असा, की मोठे वैर मिटवले तरी काही वैर मागे उरतेच. म्हणून ज्ञानी पुरुष आपल्याकडील तुकडा जवळ ठेवतो, पण वसुलीचा तगादा लावत नाही. येथे ‘विसरून जा’ असे म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्या. येणे आहे, पुरावाही आहे. तो वापरायचा नाही, एवढेच.

आपल्या परिचयाच्या ‘अहिंसा’ या संकल्पनेशी याची घाईने सांगड घालू नये. जैन व बौद्ध परंपरेतील अहिंसा हे व्रत आहे. जीवमात्राला इजा न करण्याचा तो निश्चय आहे. ताओ विचार शस्त्राला अशुभ मानतो, पण निरुपाय झाल्यास त्याचा वापर नाकारत नाही. मात्र ३१वे प्रकरण पुढे जे सांगते ते विलक्षण आहे : युद्धात विजय मिळाला तरी तो अंत्यविधीप्रमाणे, शोकाने पाळावा. ‘वू-वेइ’ या संज्ञेसाठी ‘अकर्म’ हा गीतेच्या चौथ्या अध्यायातील शब्द योजण्याचा मोह होतो. मला तो तितकासा रुचत नाही. ‘ओढूनताणून न करणे’ हा साधा वाक्प्रचार मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

लोकप्रिय पडद्याने यातून काय उचलले? मुख्यतः शरीराचे कौशल्य. ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) या चित्रपटात ब्रूस ली एका दांडगट सहप्रवाशाला, न लढता लढण्याची आपली पद्धत दाखवतो, असे सांगून छोट्या होडीत उतरवतो आणि होडीचा दोर हाती धरून त्याची फजिती करतो. प्रसंग मोठा गमतीचा आहे आणि अस्सल ताओ वळणाचा आहे. पण उरलेला चित्रपट बहिणीच्या मृत्यूच्या वसुलीचाच आहे. ‘कुंग फू’ (१९७२-७५) या अमेरिकी मालिकेतील भिक्षू भांडण टाळत राहतो. प्रेक्षक मात्र तो कधी हात उचलतो याची वाट पाहत बसतो. अशा कथांत संयम ही मारामारीची प्रस्तावना ठरते. तंत्र ताओचे आणि कथानक सावकाराचे, असा हा संकर आहे.

आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना जवळचे असे उदाहरण घेऊ. श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ हा हिंदी चित्रपट २०१५ साली आला. गावाच्या नावाबद्दल स्थानिक लोकपरंपरा सांगते, की येथे घोडे बदलत असत. ही लोकव्युत्पत्ती असेल, पण तिच्यातील ‘बदल’ निरुपद्रवी आहे. चित्रपटाने त्याच अक्षरांतून हिंदीतील ‘बदला’ वाचला. पुण्यात बँकेच्या दरोड्यानंतरच्या पलायनात रघूची पत्नी व लहान मुलगा मारले जातात. पकडला गेलेला लियाक साथीदाराचे नाव सांगत नाही. रघू बदलापुरात येऊन राहतो आणि पंधरा वर्षे थांबतो. हे थांबणे बाहेरून ‘वू-वेइ’सारखे दिसते, आतून मात्र ते व्याज मोजणे आहे. अखेरीस तो लियाकच्या साथीदाराला आणि त्याच्या पत्नीलाही ठार करतो. ती तर त्या दरोड्यात नव्हतीच.

येथवर ही नेहमीची सूडकथा आहे. पण पोलीस रघूपर्यंत पोहोचण्याच्या बेतात असताना, कर्करोगाने मरणपंथाला लागलेला लियाक त्या दोन्ही खुनांचा आळ स्वतःवर घेतो आणि तुरुंगात मरतो. वैराची फेड भलेपणाने करावी, हे ६३व्या प्रकरणातील सूत्र येथे एका भुरट्या, लबाड माणसाच्या हातून घडते. दिग्दर्शकाच्या मनात लाओत्से होता, असे मी म्हणणार नाही. तरीही कुंग फूच्या साऱ्या पडद्यावरील भिक्षूंपेक्षा हा लियाक मला त्या ग्रंथाच्या अधिक निकट वाटतो, कारण त्याच्या कृतीत कौशल्याचे प्रदर्शन मुळीच नाही. रघूच्या हाती काय उरते? ज्याचे देणे झाले, तो निघून गेलेला आहे.

पडद्यावरील शब्द पडद्यावरच राहत नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० तारखेला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीने ठार झाला. मिठाई वाटली गेली, फटाके वाजले आणि मुंबईत फलक लागले : ‘बदला पुरा’. गावाच्या नावाची फोड करून केलेला हा श्लेष भाषिकदृष्ट्या चतुर आहे, हे मान्य करतो. ३१वे प्रकरण मनात असलेल्या वाचकाला मात्र त्या मिठाईजवळ थबकावे लागते.

येथे तुमच्यापैकी कुणी विचारील, आणि विचारावेच, की दुर्बळाला वसुली सोडून द्यायला सांगणे म्हणजे त्याला पुन्हा नागवणे नव्हे काय? उल्हासनगर वसले तेच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून. ज्यांचे एवढे येणे बुडाले, त्यांना तगादा न लावण्याचे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे? ही शंका प्राचीन आहे. वैराची फेड भलेपणाने करावी काय, असे कन्फ्यूशियसला विचारले असता, मग भलेपणाची फेड कशाने करणार, असा प्रतिप्रश्न त्याने केला. वैराला न्याय आणि भलेपणाला भलेपणा, हे त्याचे उत्तर. माझा कल या बाबतीत कन्फ्यूशियसकडे आहे. व्यक्तीने आपला तुकडा वापरू नये, असे लाओत्से म्हणू शकतो. न्यायालयाने तो तपासूच नये, असे त्याच्या ग्रंथातून निघत नाही. ‘बदला पुरा’ या दोन शब्दांत नेमके हेच तपासणे वगळले गेले. त्या मुलींच्या बाजूने पुरावे मांडले जावेत, साक्षी व्हाव्यात आणि दोष सिद्ध झाल्यास तो निकालपत्रात लिहिला जावा, हे त्यांचे येणे होते. त्या आरोपीविरुद्धचा तो निकाल आता कधीच लागणार नाही.