आधी शिधा, मग शाल

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या संगीतवर्गाच्या दाराशी एक तरुण आला. दाराशी म्हणजे दाराबाहेर; कारण वर्ग तीन पायऱ्या चढून आहे आणि तो चाकांच्या खुर्चीत बसलेला. तो खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतो. परगावी सामने होते, संघाच्या प्रवासाचा खर्च होता आणि खेळण्याची म्हणून निराळी खुर्ची लागते तीही त्याच्यापाशी नव्हती. दुसऱ्याची मागून घेऊन तो सराव करीत होता. आम्ही रिवाजाप्रमाणे ५०१ रुपये दिले आणि रिवाजाप्रमाणेच म्हणालो, 'पदक घेऊन या, गणेशोत्सवात तुमचा जाहीर सत्कार करू.' तो हसला. म्हणाला, 'सर, शाल सगळेच देतात. खुर्चीचं काही जमतंय का, तेवढं बघा ना.'

उत्तर साधे होते, पण ते आम्हाला लागले. दरबारी वादकाच्या घरात वाढलेल्या माणसाला तर ते अधिकच लागावे. कारण कलेला आधी काय लागते आणि मागाहून काय मिळते, यातला भेद आमच्या घरात पोरासोरांनाही कळत असे. मैफल झाल्यावर मिळे ती बिदागी. शाल, कडे, क्वचित थैली. तिच्यावर घर चालत नसे. घर चाले ते दरमहाच्या तनख्यावर आणि कोठीतून येणाऱ्या शिध्यावर. गवई त्या महिन्यात दरबारात गायला असो वा नसो, शिधा येई. म्हणून तो पहाटे उठून निर्धास्तपणे षड्ज लावून बसू शके. नानासाहेब पानसे यांचा पखवाज इंदुरात वाढला तो असा. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी सारंगीवादक होते, आणि त्या घरातल्या मुलाला रियाज करायला वर्षे मिळाली. राजेरजवाड्यांचे दोष सांगायला बसलो तर हे पान पुरणार नाही. पण रियाज आधी पोसावा लागतो, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते.

खेळालाही त्यांनी हाच न्याय लावला. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली इंदुरास आले ते होळकरांच्या बोलावण्यावरून, आणि त्यांना लष्करात हुद्दा मिळाला. हुद्दा म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे खेळायला मोकळीक. होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्याची हकीकत आपल्या घरोघरी सांगितली जाते. तीत या पगाराचा उल्लेख मात्र सहसा येत नाही.

त्या हकीकतींपैकी १९४५ च्या मार्चमधली एक या लेखाला जवळची आहे. मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर मुंबई आणि होळकर यांचा रणजीचा अंतिम सामना झाला. आपल्या बाजूने मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके काढली, डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले, आणि तरीही आपण ३७४ धावांनी हरलो. हरवणाऱ्यांत पुढे होते ते विजय मर्चंट. त्यांनी एकट्यांनी २७८ धावा काढल्या. जुन्या इंदूरकरांनी मर्चंट यांना त्याबद्दल पुरती क्षमा केली की नाही, कोण जाणे! पण या गृहस्थांनी खेळ सोडल्यावर जे केले ते समजले, तर ती क्षमा आपोआप व्हावी.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळ पेठ नावाचे गाव आहे. तिथले मुरलीकांत पेटकर लहानपणीच सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये गेले, मुष्टियुद्ध शिकले, आणि १९६४ साली टोकियोत झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षीच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. कण्याला इजा होऊन कंबरेखालचे अंग लुळे पडले. वय अवघे वीस. मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' इस्पितळात त्यांना पाण्यात उतरवले ते उपचार म्हणून. उपचाराचा त्यांनी सराव केला.

खुर्चीतल्या माणसांच्या खेळांचा हा मार्गच मुळी इस्पितळातून निघालेला आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान या डॉक्टरांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांना बिछान्यातून काढून धनुष्यबाण हाती दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जणांची स्पर्धा झाली. इकडे त्याच वर्षी मध्यभारत होऊन होळकरांचे राज्य संपले, आणि आपल्या कलावंतांचा व खेळाडूंचा शिधा कोण देणार हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही गोष्टींचा संबंध काही नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की मनात काही येते खरे.

पेटकर १९६८ साली तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ते पोहण्यात उतरले आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आले. भारताला मिळालेले हे पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्ण. परदेशी जाण्याचा खर्च करायला त्या वेळी कोण होते? मर्चंट ज्या संस्थेचे काम पाहत होते, तिने तिकिटांचा भार उचलला. होळकरांना हरवणाऱ्या हातांनीच एका जखमी शिपायाला तलावापर्यंत नेले. आणि रोजच्या भाकरीचे म्हणाल, तर पेटकर पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. आमच्या भाषेत सांगायचे तर तिकीट हा वरखर्च आणि नोकरी हा शिधा. दोन्ही पदकाच्या आधी होते म्हणून पदक झाले.

शाल कधी मिळाली तेही पाहावे. पद्मश्री २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' हा त्यांच्यावरचा चित्रपट आला, आणि त्याच सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना वयाच्या ऐंशीव्या वर्षी मिळाला. सन्मान उशिरा झाला याबद्दल पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती योग्यच आहे. आमची हळहळ थोडी निराळी आहे. तिकीट आणि नोकरी या दोन गोष्टी जमल्या नसत्या, तर उशिरा सन्मान करायलाही कोणी उरले नसते. असे न उरलेले किती असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

आता त्या तरुणाच्या खुर्चीकडे वळू. 'खेळायला वेगळी खुर्ची कशाला?' असे आम्हीही प्रथम मनात म्हटले होते, हे कबूल करतो. मग माहिती घेतली. बास्केटबॉलच्या खुर्चीची चाके वरून आत झुकलेली, खालून बाहेर पसरलेली असतात. त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि धक्का लागला तरी सहसा उलटत नाही. मागे एक लहान चाक असते, ते ती मागे कलंडू देत नाही. शर्यतीची खुर्ची आणखी निराळी: तीन चाकांची, लांबट, पुढे एकच छोटे चाक. बसून गोळा फेकणाऱ्यांची खुर्ची जमिनीला आवळून बांधलेली चौकट असते. नांदेडच्या भाग्यश्री जाधव, ज्यांनी २०२४ साली पॅरिसला उद्घाटनात सुमित अंतील यांच्यासह भारताचा ध्वज धरला, त्या अशाच बसून गोळा फेकतात. आणि यांतली प्रत्येक खुर्ची माणसाच्या मापाची हवी. बैठक दोन बोटे रुंद झाली तर धड हलते, आणि हाताचा जोर चाकाला न लागता वाया जातो. परदेशी बनावटीची घ्यायची म्हटली की किंमत लाखांच्या घरात जाते.

मापाची गोष्ट आम्हाला तरी समजावून सांगायला नको. पेटकरांच्याच जिल्ह्यात मिरज आहे. तिथला कारागीर तंबोऱ्याचा भोपळा निवडताना तो बाईमाणसासाठी की पुरुषासाठी, हे आधी विचारतो. गाणाऱ्याच्या मांडीवर दुसऱ्याच्या मापाचा तंबोरा देऊन 'गा आता' असे आपण म्हणत नाही. खेळाडूला उसन्या खुर्चीत बसवून मात्र आपण पदकाची वाट पाहतो.

त्या खेळाचा एक नियम आम्हाला फार आवडला. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या क्षमतेप्रमाणे १ पासून ४.५ पर्यंत गुण असतात, आणि मैदानावरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे ज्याचे धडही नीट सावरत नाही अशा खेळाडूला संघात घ्यावेच लागते. त्याच्यावाचून गणित बसत नाही. टोपली मात्र सर्वांसारखी दहा फुटांवरच. दयेने कोणी ती खाली आणलेली नाही.

सरकार काही करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पॅरिसच्या २०२४ च्या स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी २९ पदके मिळवली. सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५०, कांस्याला ३० लाख अशी केंद्राची बक्षिसे झाली. पदकाच्या आवाक्यात आलेल्यांना प्रशिक्षणाचा खर्च आणि दरमहा भत्ता देण्याची योजनाही २०१४ पासून आहे. पण आवाक्यात येईपर्यंतचे काय? आणि मंजूर झालेला पैसाही वेळेवर पोचावा लागतो. अमरावतीच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे २०१७ च्या जुलैत बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या, तेव्हा तो पोचला नाही. परक्या शहरात उसनवारीची वेळ आली, तिकिटावाचून प्रवास केल्याचा दंड झाला. तशातही त्यांनी रौप्यपदक मिळवले, आणि डिसेंबरात मेक्सिकोत जागतिक स्पर्धेचे सुवर्ण. त्यावर लोक म्हणाले, 'पाहा, जिद्द असली की सारे होते!' हे वाक्य आम्हाला दिवसेंदिवस अधिक निर्दय वाटू लागले आहे. ते ऐकले की पैसे न देणाऱ्याची झोप शांत होते.

आपल्या शहराजवळचे उदाहरण सत्येंद्रसिंह लोहिया यांचे. दोन्ही पायांनी अधू असलेल्या या जलतरणपटूने २०१८ साली तीन साथीदारांसह पाळीपाळीने पोहून इंग्लिश खाडी पार केली. साथीदारांपैकी चेतन राऊत हे अमरावतीचे. लोहियांची नोकरी इंदूरच्या वाणिज्यकर खात्यातली. म्हणजे पुन्हा तोच नायडूंचा न्याय: आधी हुद्दा, मग पराक्रम. २०२४ साली पद्मश्री झाली, ती त्यानंतर.

आपल्या जुन्या मराठी मंडळांपाशी, वाड्यांच्या न्यासांपाशी आणि कै. अमुकतमुकांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवींपाशी पैसा अगदीच नाही, असे नाही. त्यातून दहावी-बारावीच्या मुलांना पारितोषिके जातात, वर्षातून एकदा सत्कार होतात. त्यांच्या घटनेत 'गुणवंतांस उत्तेजन' असेच शब्द असतात. उत्तेजन यशानंतरच द्यावे असे कुठे लिहिलेले आम्ही तरी वाचलेले नाही. एका ठेवीचे दोनतीन वर्षांचे व्याज एकत्र केले तर देशी बनावटीची एक खुर्ची होण्यासारखी आहे, आणि खुर्ची संघाच्या नावे केली तर ती एकामागून एक तिघा-चौघांना पुरेल. 'हा खेळाडू पुढे येईल याची खात्री काय?' असे एका विश्वस्तांनी आम्हाला विचारले. खात्री नाही. दरबाराच्या पदरी असलेले सगळेच गवई अमीर खाँ झाले नाहीत. कित्येक बेसूरच राहिले. शिधा मात्र त्यांचाही चालू होता.

त्या तरुणाच्या खुर्चीसाठी दोन मंडळांकडे शब्द टाकला आहे. एकाने पुढील बैठकीत विषय घेऊ म्हटले, दुसऱ्याने अर्ज हिंदीत आहे तो मराठीत आणा म्हटले. वर्गाच्या पायऱ्यांचेही पाहिले. गवंडी म्हणतो, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, तर खुर्ची आपल्या हाताने वर येते. आमच्या पायऱ्या दीड फुटाच्या, म्हणजे अठरा फूट झाले, आणि त्यातले सहा फूट शेजाऱ्यांच्या ओट्यापुढून जातात. शेजारी दिवाळीनंतर पुण्याहून परत येतील, तेव्हा बोलायचे आहे.