मोटारीचा अभिमान, प्रवासाची दैना

पुणे जिल्हा हा मोटारींचा जिल्हा आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. पिंपरीत टाटांचा कारखाना, आकुर्डीत बजाज आणि पूर्वीची बजाज टेम्पो म्हणजे आजची फोर्स मोटर्स, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन व मर्सिडीज, तर शिरूर तालुक्यातील रांजणगावला फियाट. वाहनांची कसोटी पाहणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्थादेखील पुण्यातच आहे. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे उत्तरेला निघावे, तर केडगावच्या माणसाला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत सहज पोहोचता येते. पण हाच माणूस नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा रुग्णाला घेऊन पुण्याकडे निघाला, की त्याची जी दैना होते, ती पाहून प्रश्न पडतो : साऱ्या देशाला चाके पुरविणाऱ्या या जिल्ह्याला आपल्याच माणसांची रोजची ये-जा नीट का सांभाळता येऊ नये?

आम्ही मोटारीचे विरोधक नाही. उलट, या उद्योगाच्या मराठी मुलखातील वाटचालीचा आम्हाला अभिमान आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी परकीय सत्तेच्या अनास्थेला न जुमानता १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७२ च्या बजाज चेतकने मध्यमवर्गीय कुटुंबाला चाके दिली. फिरोदियांच्या लूनाने लहान गावातील शिक्षकाला आणि दूधवाल्याला स्वतःचे वाहन मिळवून दिले. १९९८ च्या डिसेंबरात टाटांची इंडिका आली, तेव्हा आराखड्यापासून भारतीय अभियंत्यांनी घडविलेली मोटार म्हणून देशाने तिचे कौतुक केले. २००८ मध्ये लोकांपुढे आलेल्या नॅनोमागे, पावसात दुचाकीवर भिजत जाणारे चौघांचे कुटुंब सुरक्षित जावे, ही रतन टाटांची तळमळ होती. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण ती तळमळ खोटी ठरली असे कोण म्हणेल?

ज्याला मोटारीची खरी आवड आहे, त्याला तर शहरातील वाहतुकीचे दुःख इतरांपेक्षा अधिक कळते. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालणारे इंजिन आणि हडपसरच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकणारे इंजिन, यांत घोडदौड आणि घाण्याचा बैल यांच्याइतका फरक आहे. क्लच झिजतो, ब्रेक झिजतो, इंधन जागच्या जागी जळते आणि चालकाचा जीव मेटाकुटीला येतो. सत्तर किलोच्या एका माणसासाठी हजार किलोंचे लोखंड शहरात न्यायचे आणि दिवसभर कुठेतरी उभे करून ठेवायचे, यात ना हौस आहे, ना हिशेब. वीजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, हे स्वागतार्हच आहे. हवा त्यांनी निश्चित सुधारेल. पण वीजेची मोटारही रस्त्यावर तेवढीच जागा अडवते. चार मीटर लांबीच्या चाळीस मोटारी एकामागे एक चिकटवून उभ्या केल्या, तरी १६० मीटरांची रांग होते. तेवढीच माणसे एका बसमध्ये बसतात.

केडगाव पुण्यापासून सुमारे ५५ ते ६० किलोमीटरवर आहे. रस्त्याने जाण्यायेण्यात दीड-दीड तास धरला, तरी महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५ तास, म्हणजे तीन पूर्ण दिवस-रात्र वाहनात जातात. हे तास कुटुंबाच्या, मुलांच्या अभ्यासाच्या आणि समाजकार्याच्या वाट्याचे असतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला माणसे येत नाहीत, अशी खंत आपण नेहमी ऐकतो. ती माणसे कोठे असतात, याचे उत्तर अनेकदा सोलापूर रस्त्यावर सापडते. त्यात गळिताच्या हंगामात रात्री उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी नसली, तर दमलेल्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

वास्तविक या भागाला देवाने नव्हे, तर इतिहासाने एक उत्तम साधन दिले आहे. रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला आली आणि लगोलग दौंडच्या दिशेने पुढे निघाली. लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आल्या. प्रवाशांची अपेक्षा मुंबईसारख्या लोकलची होती. त्या वर्षी सुरू झाली ती मात्र डिझेलवरची डेमू. शहरात २००६ मध्ये बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिकेचा जो प्रयोग झाला, तो हडपसरच्या रस्त्यावर टिकला नाही. साधने येतात, त्यांची उद्घाटने होतात. पण सलग व्यवस्था उभी राहत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

म्हणूनच आमची मागणी साधी आहे. पुणे-दौंड मार्गावर कामाच्या वेळेत ठरावीक अंतराने, भरवशाच्या गाड्या धावाव्यात. त्यांच्या वेळांशी हडपसर व पुणे स्थानकावरील बसच्या वेळा जुळवाव्यात. केडगावसारख्या स्थानकांवर दुचाकी निर्धास्तपणे ठेवता यावी. साखर कारखान्यांनी परावर्तक पट्ट्या नसलेली ट्रॉली फाटकातून आत घेऊ नये. यांतील एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती आणि पाठपुरावा.

तथापि सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे हे जागृत समाजाचे लक्षण नव्हे. एकाच वसाहतीतील चौघे एकाच दिशेला चार मोटारींतून का जातात? विरुद्ध दिशेने वाहन घालताना राष्ट्रभक्ती कोठे रजेवर जाते? सिग्नलला थांबणे, रुग्णवाहिकेला वाट देणे, शाळेपाशी कर्णा न वाजवणे हीदेखील देशसेवाच आहे, हे मुलांना घरातून कळले पाहिजे. ते उपदेशाने कळत नाही. वडील गाडी कशी चालवतात, ते मागच्या आसनावरून मूल पाहत असते.

मोटारीचा कारखाना काढणाऱ्या वालचंदांची उद्योजकता सुरू झाली ती रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांतून. त्यांना रूळ आणि रस्ता यांत वैर दिसले नाही. कुटुंबाला घेऊन भुलेश्वराच्या दर्शनाला जाताना मोटार आनंद देते. तो आनंद टिकवायचा, तर रोजच्या पोटापाण्याच्या प्रवासासाठी आगगाडी आणि बस सक्षम असलीच पाहिजे. केडगावच्या प्रवाशाने ही मागणी एकट्याने करून भागणार नाही. लोणीपासून दौंडपर्यंतच्या गावांनी ती एकमुखाने केली, तर ती दुर्लक्षित राहणार नाही.